दादीचे अठरा चुडे

वरचा तांडा, ता. औंढा नागनाथ
६ एप्रिल २०२५

प्रिय ओमप्रकाश,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. मागच्या आठवड्यात बाच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून तू काही न बोलता ठेवून दिलास. म्हणून पत्र लिहिते आहे. चाकणच्या खोलीचा पत्ता तुझ्या बँकेच्या अर्जाच्या झेरॉक्सवर मिळाला. तो अर्ज मीच भरला होता, त्यामुळे पत्ता बरोबर असणार.

घरी आपण गोरमाटीत बोलतो, पण मला लिहिता येतं ते मराठीत. तेव्हा सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच लिहीन. आईला याडी आणि तू मला म्हणतोस ते बाई, एवढं मात्र तसंच ठेवीन. जे कुणी बोललं नाही ते लिहिणार नाही.

आजाला जाऊन आज सतरा दिवस झाले. बा हळद शिजवण्यात आहे. मीही दिवसभर तिथंच असते, कागदावर पिवळी बोटं उमटली असतील. दोन शेळ्या व्याल्या. याडीचा गुडघा तसाच आहे. दादी बोलत नाही, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. शेळ्यांशी बोलते.

तू मातीला आलास तेव्हा पूर्ण वेळ बाहेर पुरुषांत बसलास, म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नसेल. बायका दादीचा चुडा उतरवायला आल्या होत्या. आपल्यात नवरा गेल्यावरच बाईच्या दंडावरचे चुडे उतरतात, त्याआधी कधी नाही. तांड्याच्या नायकाच्या घरची सत्यभामाबाई तेलाची वाटी घेऊन पुढं बसली. दादीनं ओढणी बाजूला केली. दोन्ही दंड मोकळे होते. अठराच्या अठरा चुडे महिन्यापूर्वीच उतरले होते. साठ वर्षं ऊन न लागलेली कातडी पट्ट्यापट्ट्यांनी पांढरी दिसत होती. सत्यभामाबाईला ते ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होती. ती हातातल्या वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथं आमाला काय कामच ठेवलं न्हाई. हिच्या नातीनं आधीच उरकून घेतलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "नवरा जिता असताना चुडा उतरवला. मग तो कसा ऱ्हाईल?"

मी तिथंच चुलीपाशी उभी होते. दादीनं ओढणी परत दंडावर घेतली.

तू जाताना फाटकाशी म्हणालास, "आजाला तू मारलंस, बाई." तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला ते अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं आहे, वय चौऱ्याऐंशी. मला एवढंच पाहिजे की तू माझ्याशी बोलावंस. तांड्यात कुणी बोललं नाही तर मी सहन करीन. पण तुला बाराखडी मी शिकवली आहे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
करुणा


२७ एप्रिल २०२५

ओमप्रकाश,

पत्र मिळालं असेल असं समजून पुढं लिहिते.

त्यात मी "चुडे उतरले होते" असं लिहिलं. ते वाक्य मला रोज आठवतं. चुडे आपोआप उतरत नाहीत. मी उतरवले. आता पहिल्यापासून लिहिते.

मागच्या दिवाळीत तू दादीला ओसरीत बसवून तिच्या दंडांचा व्हिडिओ काढलास आणि खाली "आमच्या दादीचे अस्सल हत्तीदाताचे चुडे" असं लिहून टाकलास. दादी किती खूश होती. "आता साऱ्या बाया प्लास्टिक घालून राहिल्या," ती तुझ्या फोनकडे बघून सांगत होती. "माझा चुडा माझ्या सासऱ्यानं हैदराबादेहून आणला. एका दातातून कापलेला. खांद्याकडं मोठा, कोपराकडं बारीक, दात असतो तसा. मी मांडवात घातला ते आजपावेतो काढला न्हाई." आजा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "बस झालं आता, पेमा. पोराची बॅटरी संपंल." आपण सगळे हसलो.

मी हे तुझ्यावर ढकलायला लिहीत नाही. पण सोडून दिलं तर हिशेब अर्धवट राहील.

चाळीस हजार लोकांनी तो व्हिडिओ बघितला. त्यातल्या एकानं तुझ्याकडून बाचा नंबर घेतला आणि डिसेंबरात निझामाबादहून गाडी घेऊन आला. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग लावून त्यानं दादीचे चुडे कडेकडेनं बघितले. "अम्मा, ज़रा हाथ घुमाओ." दादी हसत होती. बानं त्याला आधीच सांगितलं की विकायचे नाहीत. त्यानंही भाव विचारला नाही. चहा न पिताच उठला. आजा त्याला सोडायला गाडीपर्यंत गेला आणि बराच वेळ काचेशी वाकून उभा होता. परत आल्यावर बानं विचारलं, "काय म्हणला?" आजा म्हणाला, "रस्ता इचारत होता."

मी तेव्हा वनरक्षक भरतीचा अभ्यास करत होते. गाईडमध्ये लिहिलं होतं की हस्तिदंत जवळ असेल तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर तीन ते सात वर्षांची शिक्षा. ते पान मी इतक्या वेळा वाचलं की गाईड हातात घेतलं की तिथंच उघडायचं. आज एक गाडी आली, उद्या दुसरी येईल, तिच्यामागं पोलीस येतील. घरात असतात त्यांच्यात वाचता येणारी मी एकटी. वीजबिल, सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं मी वाचते आणि मी म्हणते ते घरात खरं असतं. मग हे एवढं वाचून मी गप्प कशी बसू? आणि मला वाटलं की खरं लिहून दिलं की सरकार एक कागद देतं आणि तो कागद असला की भीती संपते. शाळेत मी हेच शिकले होते.

जानेवारीत अर्ज लिहिला. त्यात "हस्तिदंत" हा शब्द तीन वेळा होता. हिंगोलीला वनखात्याच्या ऑफिसात एक वयस्कर बाबू होते. अर्ज वाचून ते हसले. म्हणाले, "आजीबाईंच्या अंगावर आहेत ना? मग राहू द्या. आम्ही त्या बाजूला येऊ तेव्हा बघू. घाई नाही."

हे बोलणं मी घरी सांगितलं नाही. आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. ते कधी येणार, किती महिन्यांनी येणार, तोपर्यंत रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी हातातलं टाकून ओसरीत येऊन बघायचे. मला एकदाचा कागद हातात पाहिजे होता. घरी मी सांगितलं की चुडे जमा करावे लागतील, नाहीतर बाला सात वर्षं.

आजा म्हणाला, "मी जिता हाय ना अजून? मग काहून उतरवायचे?"

"आजा, मोजून, तपासून परत देतात."

"तपासून?"

"बाहेर पाठवतात. खरे आहेत का बघतात."

तो उठून शेळ्यांकडं गेला. जाताना दादीला म्हणाला, "नको देऊ, पेमा." दादीची नजर बावर होती. तिनं विचार केला आणि माझ्यासमोर हात पुढं केले. लेकापुढं तिनं नवऱ्याचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

अठरा फेब्रुवारीला दुपारी मी करडईचं तेल आणि साबण लावून चुडे ओढले. सोळा निघाले. दोन कोपराच्या वर अडकले. तिचे सांधे सुजलेले आहेत. त्यांच्याखाली ओलं फडकं घालून लोखंड कापायच्या ब्लेडनं ते कापले. दादीनं तोंडावर ओढणी घेतली होती. तिचा दंड माझ्या मांडीवर होता आणि ती एकदाही "आई गं" म्हणाली नाही. आजा अंगणात आमच्याकडं पाठ करून बसला होता.

करुणा


१८ मे २०२५

ओमप्रकाश,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचतंय. तू फाडून टाकत असलास तरी वरचं पान फाडताना एखादी ओळ दिसत असेल.

आजाचा शेवटचा महिना तुला कुणी सांगितला नसेल.

चुडे मी ऑफिसात जमा करून आले त्या दिवसापासून दादीनं स्वतःहून काही नियम घालून घेतले. सणाचं काही करायची नाही. आरशात बघायची नाही. आजाचं ताट ती वाढायची, पण दोन हात लांब ठेवून मागं सरकायची. आजा पहिल्या दिवशी हसला. म्हणाला, "मी मेलो असं समजून राहिली काय गं, पेमा?"

दादी म्हणाली, "मेल्या माणसाला भाकर लागत न्हाई. तुमाला लागते. खा."

त्या दिवशी त्यानं खाल्ली. नंतर एकेक घास कमी होत गेला. त्याच्या बीपीच्या गोळ्या मी रोज सकाळी मोजून हातात द्यायचे. तो तोंडाकडं हात न्यायचा आणि पाणी प्यायचा. तो गेल्यावर त्याच्या तंबाखूच्या बटव्यात बावीस गोळ्या निघाल्या. मी बाला दाखवल्या नाहीत. तुला सांगते आहे.

रोज संध्याकाळी शेळ्या कोंडल्या की तो मला विचारायचा, "कागद आला का?"

"नाही, आजा. दोन-तीन महिने लागतात म्हणाले."

"बरं."

मला वाटायचं, दादीचे चुडे कधी परत येतात याची त्याला तळमळ आहे. मी समजूत घालायचे, की प्रमाणपत्र मिळालं की चुडे मिळतील, मग आपण पुन्हा मांडव घालू, तुमचं दुसऱ्यांदा लग्न लावू. तो माझ्याकडं बघायचा, जसं पाटी चुकलेल्या लेकराकडं मास्तर बघतो तसं. एकदा त्यानं विचारलं, "अर्ज माघारी घेता येत असंल ना?"

मी म्हटलं, येत नाही. मी ऑफिसात विचारलेलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं, तरी मी "येत नाही" म्हटलं. एवढं वाचलेल्या मुलीनं "विचारून सांगते" म्हणायला काय हरकत होती?

जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला खाटेजवळ बसवलं. म्हणाला, "कागद आला की आधी मला वाचून दाखव. तिला नको."

"बरं, आजा."

"बराबर ऐकलं ना? आधी मला."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही.

वनरक्षकाची धावण्याची चाचणी मार्चच्या शेवटी होती. मी गेले होते. तुला हे कुणीतरी वाईट करून सांगितलं असेल, म्हणून मीच सांगते. आजाला जाऊन आठ दिवस झाले होते आणि मी छातीवर नंबर लावून धावले आणि वेळेत पोचले. कशी धावले ते मला कळत नाही. याडी एकटीच म्हणाली, "जा, पोरी. एवढं झालं, आता तेवढं तरी होऊ दे."

बोल रे एकदा.

करुणा


हिंगोली, बस स्टँड
१५ जुलै २०२५

ओमप्रकाश,

औंढ्याची गाडी सुटायला अजून तास आहे. मांडीवर पिशवी आहे. तिच्यात दादीचे चुडे आहेत.

आज ऑफिसातून बोलावणं होतं. त्याच बाबूंनी रिपोर्ट दिला. इंग्रजीत आहे, एक पान. तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की सर्व अठरा नग गुरांच्या हाडाचे आहेत, हस्तिदंत नाही. मी तीनदा वाचलं. बाबू म्हणाले, "सुटलात की हो! हाडाला काही कायदा नाही. घेऊन जा, घाला म्हणावं आजीबाईंना." ते चांगल्या मनानं बोलले. मी सही केली, पिशवी घेतली आणि जिन्यात बसले.

मग मी त्या निझामाबादच्या माणसाला फोन लावला. त्याचा नंबर बाच्या वहीत मीच लिहून ठेवला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं ओळखलं.

"बेटी, मैं तो उसी दिन समझ गया था. हड्डी है. तुम्हारे दादा गाड़ी तक आए, हाथ जोड़ लिए मेरे. बोले, सेठ, बुढ़िया को मत बोलना. शादी में हाथीदाँत बोल के पहनाया था. मेरे बाप की ताक़त नहीं थी, और उसका बाप हाथीदाँत के बग़ैर लड़की नहीं देता था." मग त्यानं विचारलं, "दादा कैसे हैं?"

मी म्हटलं, ठीक आहेत. का म्हटलं माहीत नाही.

म्हणजे आजाला माहीत होतं. साठ वर्षं माहीत होतं. दादी कुठल्याही लग्नात दंड पुढं करून सांगायची, एका दातातून कापलेला, आणि तो शेजारी बसून ऐकायचा. मी मात्र समजत होते की त्याला आपल्या मरणाची भीती वाटते, उतरलेल्या चुड्याची भीती वाटते. त्याला माझ्या कागदाची भीती वाटत होती. रोज संध्याकाळी तो तेच विचारत होता, आणि मी त्याला मांडवाच्या गोष्टी सांगत होते.

अजून एक आहे. हे लिहायचं नव्हतं. गाईडमध्ये चित्रं होती. हस्तिदंत आडवा कापला की कापावर बारीक रेषांची जाळी दिसते. हाड कापलं की काळे ठिपके दिसतात. दादीच्या दंडावरचे ते दोन चुडे मी ब्लेडनं कापले तेव्हा कापावर ठिपके होते. मला दिसले. मी ओल्या फडक्यानं पुसले, गेले नाहीत. मी स्वतःला सांगितलं की तेलाचा मळ असेल. अर्जात तीन ठिकाणी हस्तिदंत लिहून झालं होतं, सोळा चुडे परातीत पडले होते, आणि आता मी चुकले असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिथंच थांबून आजाकडं गेले असते, तर त्यानं मला गाडीवाल्याला सांगितलं तेच सांगितलं असतं. मी कुणाला बोलले नसते. तो आज असता किंवा नसता, पण कागदाची वाट बघत गेला नसता.

तू म्हणाला होतास त्याचं उत्तर मला आता देता येईल असं वाटतं.

आता घरी जाऊन काय सांगू? खरं सांगितलं तर मी सुटते. तांडा म्हणेल, पोरीनं काही गमावलं नाही, हाडंच होती. पण मग दादीच्या हातात काय राहतं? नवरा गेला, चुडा गेला, आणि आता मांडवच खोटा निघाला. खोटं सांगितलं तर मी आयुष्यात पहिल्यांदा कागद खोटा वाचणार.

गाडी लागली. हे पत्र इथल्याच पेटीत टाकते, नाहीतर घरी गेल्यावर टाकणार नाही.

करुणा


५ ऑक्टोबर २०२५

प्रिय ओमप्रकाश,

काल तुझा मेसेज आला. बाच्या फोनवर आला, पण मलाच होता. "बाई, सगळी पत्रं वाचली. दिवाळीला येतो. नायकाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगतो की चुडे हाडाचे होते आणि बाईचा काही दोष नाही. बघू कोण बोलतं तुला." मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही. सहा महिने मी ज्याची वाट बघत होते ते आलं. बाला वाचून दाखवताना मी फक्त "दिवाळीला येतो" एवढंच वाचलं.

जुलैनंतर तुला लिहिलं नाही, म्हणून तुला पुढचं माहीत नाही.

त्या दिवशी घरी पोचले तेव्हा पिशवी आधी गोठ्यात कडब्यामागं ठेवली. दादी ओसरीत होती. सत्यभामाबाई आणि आणखी चार-पाच बायका सोयाबीन खुरपून येताना पाणी प्यायला थांबल्या होत्या. बा म्हणाला, "काय झालं गं?" माझ्या हातात कागद होता. तो बॅगेत ठेवायचं मला सुचलं नाही.

पाच महिन्यांत पहिल्यांदा दादी माझ्याशी बोलली. "वाच," म्हणाली.

"दादी, आत चल, सांगते."

"आत काहून? माझ्या चुड्याचा कागद हाय. समद्यांम्होरं वाच."

सत्यभामाबाई म्हणाली, "वाच की. आता काय ऱ्हायलंय लपवायला?"

आजानं सांगितलं होतं, आधी मला वाच, तिला नको. मी कागद डोळ्यांसमोर धरला. अक्षरं मला सगळी नीट दिसत होती. मी पहिली ओळ वाचली, तारीख वाचली, नग अठरा वाचलं. तिसऱ्या ओळीवर आले आणि म्हटलं, "सर्व नग अस्सल हस्तिदंताचे आहेत. एकाच दातातून कापलेले आहेत. एवढा जुना आणि चांगला चुडा आम्ही पाहिला नाही." शेवटचं वाक्य मी का घातलं? कुठल्याच प्रयोगशाळेत असं लिहीत नाहीत. पण बाहेर आलं.

दादीनं मान वर केली. बायकांकडं बघितलं. "ऐकलं का?" ती म्हणाली. "एका दातातून. माझ्या सासऱ्यानं आणला. तुमी मागून हसायच्या ना, की धनसिंगच्या बापाला कुठून परवडंल?" ती आजाचं नाव कधी घेत नव्हती. त्या दिवशी घेतलं.

"मग चुडे कुठं हायत?" बानं विचारलं.

"सरकारनं ठेवून घेतले. अस्सल असले की परत देत नाहीत."

मग सत्यभामाबाई उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वा गं शिकलेली! म्हातारीचा नवराबी गेला आन चुडाबी गेला. आता सरकारलाच घरजावई करून घे." बायका हसल्या. याडी आत गेली. दादीनं माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवला. म्हणाली, "मी तुझ्या हातचं पाणी पिणार न्हाई." ती रागानं नाही म्हणाली. ठरवून म्हणाली.

तेव्हापासून ती पीत नाही. याडी देते. पण ओमप्रकाश, ती ओसरीत ताठ बसते. तांड्यात कुणी पाहुणा आला की कागद काढून दाखवते. आरशात बघते. आजाबद्दल बोलते. परवा शेळीला सांगत होती, "माझ्या म्हाताऱ्यानं मला कधी खोटं न्हाई दिलं." ती हे बोलते तेव्हा मी पाठीमागं असते हे तिला माहीत असतं की नाही, मला माहीत नाही.

भरतीच्या यादीत माझं नाव आलं आहे. कागदपत्रांची पडताळणी वीस तारखेनंतर आहे. फॉर्मच्या शेवटी "वरील सर्व माहिती सत्य आहे" असं असतं. तिथं सही करताना मी बराच वेळ बसले. त्या फॉर्ममधली माहिती सत्यच आहे, म्हणून केली. लांबची नेमणूक मिळाली तर घेईन.

चुडे मी वेगळ्या पार्सलनं तुझ्याकडं पाठवले आहेत. ते या घरात राहू शकत नाहीत आणि मला टाकवत नाहीत. कापलेल्या दोनांच्या कडा बघ, तुलाही ठिपके दिसतील. कुणाला दाखवू नकोस. फोटो काढू नकोस.

आता मी जे मागते आहे ते तुला आवडणार नाही. दिवाळीला ये. आल्याबरोबर दादी तो कागद काढून तुझ्या हातात देईल. घरात इंग्रजी वाचणारा तूच दुसरा, म्हणून ती तुझी वाट बघते आहे. माझ्यावर तिचा तेवढा भरवसा नाही. तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि ती बायकांना बोलावूनच ऐकेल. तिसऱ्या ओळीत "बोन" असं लिहिलं आहे. तिथं थांबू नकोस, माझ्याकडं बघू नकोस. "हस्तिदंत" म्हण आणि पुढं जा. एकाच दातातून कापलेले, हेही म्हण, कारण मी म्हटलं आहे.

आणि नायकाच्या ओट्यावर काही बोलू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. तू मला माफ केलंस असं दिसलं, तर सत्यभामाबाई दुसऱ्या दिवशी विचारील की दादीचा खरा चुडा घालवला तरी भाऊ बोलतो कसा? त्यातून सगळं निघेल. म्हणून जितके दिवस राहशील तितके दिवस माझ्याशी बोलू नकोस. पाणी याडीकडं माग. भाऊबीजेला मी ताट घेऊन आले तर उठून जा. सगळ्यांना दिसेल असा जा.

हे पत्र वाचून झालं की जाळ. मला उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस. तू मेसेज केलास तेवढा मला पुरेल.

तुझी,
बाई